सतराचे नऊ: एका प्राध्यापिकेच्या एच-इंडेक्सचं प्रकरण

मी पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. ज्यांचं हे प्रकरण त्या वनस्पतिशास्त्र शिकवतात, पण संशोधन रेणवीय जीवशास्त्रातलं. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील आणि काही वर्षं बदलली आहेत. आकड्यांचं आपसांतलं गणित तेवढं खरं ठेवलंय. कॉलेजात सगळे त्यांना मॅडम म्हणतात, इथेही तेच.

पार्श्वभूमी

मॅडमची प्रयोगशाळा म्हणजे जुन्या कोठीघराची एक खोली. डीएनएच्या प्रती काढणारं एक पीसीआर यंत्र, डीएनएचे तुकडे वेगळे करून पाहायचा एक जेल टँक, एक डीप फ्रीज. उन्हाळ्यात लाइन गेली की पहिली धावपळ पीसीआरला लागणाऱ्या टॅक एन्झाइमसाठी, ते थंडच ठेवावं लागतं. थर्मोकोलचा डबा घेऊन शिपाई मासळीबाजारात बर्फ आणायला जातो, आणि तो बर्फ वितळायच्या आत लाइन आली पाहिजे असा सगळा हिशोब. डीएनए काढताना पानं कुटायला द्रव नायट्रोजन लागतो. इथे तो फक्त पशुवैद्यकीय दवाखान्यात, कारण कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात. डॉक्टर भले माणूस, पण गायीचं काम आधी.

या टंचाईतूनच त्यांचं एक छोटं काम जन्माला आलं होतं. २००८ साली त्या याच गावात तासिका तत्त्वावर शिकवत होत्या आणि नागपूरला पीएच.डी. करत होत्या. मोहाच्या पानात चीक आणि फिनॉल भरपूर. सीटॅब हे रसायन वापरून करायच्या नेहमीच्या पद्धतीने डीएनए काढायला गेलं की नळीत तपकिरी, लिबलिबीत गोळा उरायचा. मॅडमनी कोवळी पानं सिलिका जेलमध्ये वाळवली, नायट्रोजनशिवाय खलात कुटली, द्रावणात पीव्हीपी आणि मीठ दोन्ही वाढवलं. फिनॉल पीव्हीपीने धरून ठेवलं, चिकट शर्करा मिठाने मागे ठेवल्या. डीएनए स्वच्छ आला. त्यावर त्यांनी अडीच पानांची टिपणवजा नोंद एका नियतकालिकात छापली. नाव अर्थातच माहेरचं.

२०१० मध्ये लग्न झालं आणि त्याच वर्षी कायम नेमणूकही. पुढचे सगळे पेपर सासरच्या आडनावाने. विषय मुख्यतः लाखोरी: धानाच्या उभ्या पिकात उतेरा म्हणून टाकतात ती डाळ. बीटा-ओडॅप या घटकामुळे पाय लुळे पडतात म्हणून १९६१ पासून देशाच्या बऱ्याच भागात तिच्या विक्रीवर बंदी होती. बांधाबांधावरचं गावठी बियाणं गोळा करून त्यातली जनुकीय विविधता मोजायची, हे मॅडमचं दहा-बारा वर्षांचं काम.

२०१४ मध्ये मी कॉलेजात एक कार्यशाळा घेतली. बावीस प्राध्यापकांची गूगल स्कॉलर (शोधनिबंध आणि त्यांचे हवाले मोजणारी गूगलची सेवा) प्रोफाइलं एका दुपारी उघडून दिली. नाव टाका, पेपरांचा जो गठ्ठा समोर येईल त्यावर टिक करा, आणि 'नवीन लेख आपोआप जोडा' हा पर्याय चालू ठेवा, म्हणजे पुन्हा बघायची कटकट नाही. हे शेवटचं वाक्य माझंच.

दहा वर्षं कोणी पाहिलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये संस्थापकांच्या पुण्यतिथीला गुणवंत शिक्षकांचा सत्कार ठरला. प्राचार्यांनी मला सगळ्यांचे आकडे काढायला सांगितले. मॅडमच्या प्रोफाइलवर १,४१२ सायटेशन, म्हणजे इतर पेपरांतले त्यांच्या कामाचे हवाले, आणि त्या हवाल्यांवरून निघणारा एच-इंडेक्स १७. कॉलेजात त्यांच्या जवळपास कोणी नव्हतं. शाल-श्रीफळ झालं, गेटवर फ्लेक्स लागला, प्रवेशद्वाराच्या गौरव फलकावर पेंटरने '१७' रंगवला, आणि जिल्ह्याच्या पानावर 'आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या' वगैरे बातमी आली. मॅडम तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या की आकडा जरा जास्तच वाटतो. आम्हाला तो विनय वाटला.

अडचण

जुलैमध्ये त्यांच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांवर बी काम केलं का?"

"काऊन?"

"तुमच्या प्रोफाइलवर दिसून राहिलं ना. दोनशे चौदा सायटेशन आहेत त्याले."

मॅडम लॅपटॉप उघडाच धरून ग्रंथालयात आल्या. बसल्या नाहीत. उभ्या-उभ्याच आम्ही यादी खाली-खाली सरकवत गेलो. एकूण ७४ नोंदी. त्यांतल्या ४५ त्यांच्या नव्हत्याच. ३८ परराज्यातल्या एका नॅनोपदार्थ संशोधकाच्या, आणि सात चक्क गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवरच्या, कुणा हाडांच्या डॉक्टरांच्या. आडनाव तेच, आद्याक्षरं तीच. आपल्याकडच्या नियतकालिकांत पूर्ण नाव छापायची पद्धत कमी. दोन आद्याक्षरं आणि आडनाव, संपलं. आमच्या भागात तर एकेका आडनावाची निम्मी गल्ली असते. संगणकाने गल्ली जोडून टाकली.

एच-इंडेक्स हा आकडा जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडला. १७ म्हणजे असे १७ पेपर, ज्यांतल्या प्रत्येकाचा किमान १७ वेळा कुणीतरी उल्लेख केला आहे. नॅनोपदार्थांचं क्षेत्र मोठं, माणसं जास्त, एकमेकांचे हवाले भराभर. लाखोरीवर जगात मूठभर लोक काम करतात. अशी दोन क्षेत्रं एका नावाखाली एकत्र आली की आकडा फुगणारच.

दुसरी बाजू त्या दिवशी आमच्या लक्षातही आली नव्हती. माहेरच्या नावाचे पाच पेपर त्या प्रोफाइलवर नव्हतेच. म्हणजे यादीत परक्यांचे ४५ होते आणि स्वतःचे पाच बाहेर.

त्यातच पुढच्या वर्षी त्यांचा प्राध्यापकपदाच्या पदोन्नतीचा प्रस्ताव जायचा होता. छाननीत कुणी प्रोफाइल उघडून पाहिलं तर काय, ही भीती त्या उभ्या-उभ्या बोलण्यात होती. मला दुसरीच भीती होती. आकडा मी काढून दिला होता.

पुढे असलेले पर्याय

सर्वांत सोपा पर्याय विभागातल्या एका सहकाऱ्याने सुचवला: जसं आहे तसं राहू द्या. 'गूगलनं केलं, आपण थोडंच केलं?' यात तथ्य नाही असं नाही. नोंदी मॅडमनी एकेक करून जोडल्या नव्हत्या. पण फलकावर '१७' रंगवला तो गूगलने नव्हे.

दुसरा, पदोन्नती होईपर्यंत प्रोफाइल खाजगी करून ठेवणं. हा मला आधी बरा वाटला होता, आता लाज वाटते. लपवलेल्या प्रोफाइलचा आकडा भिंतीवर झळकत ठेवणं हे उघड्यापेक्षा वाईट दिसलं असतं.

तिसरा, गुपचूप साफ करणं, आणि फलक-बातमी यांच्याबद्दल काहीच न बोलणं. चौथा, साफ करून प्राचार्यांना लेखी कळवणं आणि जिथे जिथे आकडा गेला तिथे दुरुस्ती करणं.

पाचवाही एक होता, पण तो आमच्या डोक्यातून नव्हे, मोबाइलवरून आला. त्याच महिन्यात मॅडमना एका अनोळखी नंबरवरून निरोप: पैसे भरा, सायटेशन वाढवून देतो, पेपरही 'लवकर' छापून देतो. असे निरोप आमच्याकडे सगळ्यांनाच येतात. मॅडमनी तो मला दाखवला आणि म्हणाल्या, "बघा, आपली गरज यांना आपल्याआधी कळते." नंबर ब्लॉक केला. त्यावर चर्चा झालीच नाही.

चौथा पर्याय योग्य आहे हे दोघांनाही पहिल्या दिवशीच कळत होतं. तरी आम्ही तिसरा निवडला, आणि तीन आठवडे तिसऱ्यावरच राहिलो. हे प्रकरण लिहायचं कारणही तेच.

काय केलं

त्याच संध्याकाळी साफसफाई केली. ४५ नोंदी काढल्या. उरलेल्या २९ मध्ये तीन दुहेरी होत्या, एकच पेपर दोन वेगळ्या शीर्षकलेखनाने आलेला. त्या एकत्र केल्या. उरले २६ पेपर, २०४ सायटेशन, एच-इंडेक्स ७. 'आपोआप जोडा' बंद करून 'आधी मला विचारा' चालू केलं.

मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या. "सर, आता कोणाला सांगायचं नाही. आधी बघू काही वाढतं का."

मी हो म्हटलं. ग्रंथपालाने तिथे हो म्हणायला नको होतं.

'वाढतं का' हे बघताना माहेरचं नाव आठवलं. पाच पेपर सापडले, एकूण १७१ सायटेशन. त्यांतली ११८ एकट्या मोहाच्या पानांच्या त्या अडीच पानी नोंदीला. मॅडमना स्वतःलाही कल्पना नव्हती. त्यांच्या लेखी ते पीएच.डी.च्या वाटेवरचं किरकोळ काम होतं. सगळं मिळून ३१ पेपर, ३७५ सायटेशन, एच-इंडेक्स ९.

रेणवीय जीवशास्त्रात हे नवल नाही. जगात सर्वांत जास्त हवाले मिळालेला शोधनिबंध प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीचा आहे, ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा, १९५१ चा. तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झालेला. शोध मोठा म्हणून नव्हे, तर प्रत्येकाला ती पद्धत वापरावी लागते आणि वापरली की लिहावी लागते म्हणून. सीटॅबच्या मूळ पद्धतीचंही तेच. मॅडमची नोंद त्याच जातीची, आकाराने चिमणी.

नावाचा घोळ कायमचा मिटवायला ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढला. २०१२ पासून मिळणारा हा सोळा अंकी क्रमांक फुकट आहे आणि लग्नाने बदलत नाही. त्यात दोन्ही नावं नोंदवली. स्कोपस या दुसऱ्या हवाले-सूचीतही त्या दोन वेगळ्या व्यक्ती म्हणून नांदत होत्या. दोन ओळखी एक करण्याची विनंती केली, काही आठवड्यांनी ती झाली. तिथे आकडे अजून कमी दिसतात, कारण गूगल स्कॉलर प्रबंध, अहवाल सगळं मोजतं आणि स्कोपस आपल्या निवडक यादीतलंच. एकाच माणसाचे दोन ठिकाणी दोन एच-इंडेक्स असतात, ही गोष्ट आमच्या स्टाफरूममध्ये अजूनही काहींना पटत नाही.

मग तो शुक्रवार आला. प्राचार्यांनी एका अनुदानाचा प्रस्ताव तयार केला होता, संध्याकाळी पाचला ऑनलाइन भरायचा होता. प्रमुख संशोधक म्हणून मॅडमची सही हवी होती. परिचयपत्रात दुसऱ्याच ओळीत 'एच-इंडेक्स १७'. दुपारचे अडीच.

मॅडम सही न करता ग्रंथालयात आल्या आणि आम्ही दोघं प्राचार्यांच्या खोलीत गेलो. सगळं सांगितलं. प्राचार्य वाईट माणूस नाहीत; पण त्यांनीही आधी तेच म्हटलं जे आम्ही तीन आठवडे स्वतःला म्हणत होतो: "आता राहू द्या मॅडम, एकदा जाऊ द्या, मग बघू." मॅडम म्हणाल्या, "सर, फलकावर तुम्ही रंगवला. इथे मी सही करून राहिली." यावर कुणी काही बोललं नाही. लिपिकाने ती ओळ दुरुस्त केली, शेजारी दिनांक आणि 'गूगल स्कॉलर' असं लिहिलं, आणि प्रस्ताव चार वाजून काही मिनिटांनी गेला.

सोमवारी लेखी पत्र दिलं. पहिल्या मसुद्यात 'अनवधानाने' हा शब्द तीनदा होता. दुसऱ्यात मॅडमनी स्वतःच दोन खोडले. जानेवारीत झालं ते अनवधानाने. जुलैनंतरच्या तीन आठवड्यांना तो शब्द लागत नव्हता. त्याऐवजी सरळ लिहिलं: चूक कळल्यावरही कळवण्यास विलंब झाला. पत्राखाली माझंही एक टिपण जोडलं, की आकडा न पडताळता मी दिला.

निष्पत्ती

वेबसाइट त्याच दिवशी दुरुस्त झाली. फलकाचा पेंटर आठवड्याने आला. बातमी देणाऱ्या प्रतिनिधीला मॅडमनी फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, आपल्याच विरोधात बातमी काऊन देता?" छापून काही आलं नाही. अनुदान मिळालं नाही. ९ मुळे की आणखी कशामुळे हे कळायला मार्ग नाही, आणि १७ ने मिळालं असतं असंही कोणी सांगू शकत नाही.

पदोन्नतीत मात्र गंमत झाली. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकपदासाठी किमान दहा शोधनिबंध लागतात, त्यांतले तीन मूल्यांकन काळातले, आणि संशोधन गुण ११०. गुण नियतकालिक कुठलं आणि लेखकांमधला वाटा किती यावर: दोनहून जास्त लेखक असले तर प्रथम किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के, बाकीच्यांना ३०-३०. त्या तक्त्यात सायटेशनचा रकाना नाही, एच-इंडेक्सचाही नाही. ज्या आकड्यासाठी झोप उडाली होती तो कुणी विचारलाच नाही.

विचारलं ते भलतंच. माहेरच्या नावाचे पेपर तुमचेच कशावरून? विवाह प्रमाणपत्र, नावबदलाचं राजपत्र आणि ऑर्किडची प्रत जोडली होती, म्हणून ते मोजले गेले. दुसरा प्रश्न एका २०२३ च्या पेपरचा. नियतकालिक तेव्हा यूजीसी-केअर, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या नियतकालिकांच्या, यादीत होतं, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादीच बंद केली. छापल्या तारखेचं यादीचं पान मी छापून फायलीत लावून ठेवलं होतं. या प्रकरणात ग्रंथपालाने वेळेत केलेलं हे बहुधा एकच काम. पदोन्नतीचा आदेश निघाला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एक बिनकामाचा उद्योग केला होता, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. ११८ हवाल्यांपैकी जे पूर्ण वाचायला मिळाले ते ९१ लेख उघडून पाहिले, की मॅडमच्या नोंदीचं तिथे नेमकं काय केलंय. ५२ जणांनी पद्धत खरोखर वापरली होती: चिकाची झाडं, डिंकाची झाडं, कुठे कुठे नायट्रोजन न पोचणारी जंगलं. ३४ जणांनी एका वाक्यात पाच-सात नावांच्या माळेत ओवून टाकलं होतं. पाच जणांनी भलत्याच गोष्टीसाठी हवाला दिला होता. एकाने तर मोहफुलांच्या औषधी गुणांसाठी. त्या नोंदीत फूल हा शब्दच नाही! मोजणाऱ्या यंत्राला ५२ आणि पाच सारखेच.

आणि ज्या लाखोरीवर मॅडमनी उमेदीची वर्षं घातली, त्या मुख्य पेपरला सहा सायटेशन, त्यांतली दोन त्यांचीच. पण त्याच पेपरातली चौदा गावांची बियाण्याची यादी मागायला कृषी विज्ञान केंद्राचे लोक दोनदा आले आणि कुठल्या बांधावरचं बी कोणाकडे आहे हे विचारून गेले. ते कुठल्या इंडेक्समध्ये पडत नाही. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मांडल्या गेलेल्या डोरा जाहीरनाम्यात काम वाचून मोल ठरवा, नियतकालिकाच्या आकड्यावरून नव्हे, असं म्हटलंय. आमच्याकडे तो ग्रंथालयाच्या काचेवर चिकटवलेला आहे. वाचताना अजून कुणी दिसलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला निर्णयाचा क्षण जुलैतला नव्हेच, जानेवारीतला होता. 'आकडा जरा जास्तच वाटतो' असं मॅडम म्हणाल्या तेव्हा यादी उघडायला दहा मिनिटं लागली असती. आपल्याकडे सत्काराच्या वेळी शंका काढणं अशुभ वाटतं. माणूस स्वतः शंका घेतोय तर तिला विनय समजून सोडून दिलं, ही माझी चूक.

दुसरा, ते तीन आठवडे. मॅडमचं म्हणणं होतं, सात सांगून मग नऊ सांगण्यापेक्षा एकदाच नऊ सांगू. व्यवहाराने ते चूक नव्हतं. पण त्याच दिवशी प्राचार्यांना तोंडी तरी सांगायला हवं होतं, 'तपासणी चालू आहे, आकडा कुठे वापरू नका' एवढंच. मग शुक्रवारचे अडीच वाजले नसते. यावर आमच्या दोघांचं अजून एकमत नाही. त्या म्हणतात, अर्धवट सांगितलं असतं तर कॉलेजभर 'मॅडमचे पेपर खोटे' एवढंच पसरलं असतं. गाव मला माहीत आहे, तेव्हा हे खोडून काढता येत नाही.

त्या दुसऱ्या, नॅनोपदार्थवाल्या संशोधकाला ईमेल करायला हवं होतं का, हेही नंतर सुचलं. त्यांच्या प्रोफाइलवर त्यांचे पेपर होतेच, त्यांचं काही गेलं नव्हतं. तरी मॅडमनी दोन ओळी पाठवल्या. उत्तर आलं: त्यांच्याही यादीत लाखोरीचा एक पेपर दहा वर्षं बसून होता.

कार्यशाळेतल्या बावीस प्रोफाइलांपैकी चौदा मी आता तपासून झालो आहे. तिघांकडे असाच प्रकार निघाला, छोट्या प्रमाणावर, आणि तिघांनीही दुरुस्त करून घेतलं. नवीन मुली रुजू होतात तेव्हा ऑर्किड आधी आणि सेवापुस्तक नंतर असा माझा आग्रह असतो. उरलेल्या आठांत दोन मराठीचे आहेत. त्यांचे लेख ज्या नियतकालिकांत छापले जातात ती स्कॉलरला दिसतच नाहीत, त्यामुळे त्यांचा प्रश्न उलटा आहे. आणि एक आमचे उपप्राचार्य. इतिहासाचे. त्यांच्या यादीत भूजलातल्या फ्लोराइडवरचे नऊ पेपर आहेत. त्यांना सोमवारी चहाला बोलावलंय.